माणूस परमुलखात पोहोचतो केव्हा?

बीड जिल्ह्यातल्या घाटनांदूरच्या स्टेशनावर हैदराबादकडे जाणारी गाडी धरा आणि नुसते कान उघडे ठेवून बसा. लातूर रोड, उदगीरपर्यंत डब्यात आपली मराठी. भालकी, बीदर आलं की फलाटावर कन्नड. झहीराबाद, विकाराबाद आलं की तेलुगू. आणि वाटेत कुठंही उतरलात तरी दखनी उर्दू आहेच! एका गाडीत तीन राज्यं आणि चार भाषा. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत तर ही सगळी स्टेशनं एकाच हैदराबाद राज्यात होती. आपल्या आजोबा-पणजोबांना परक्या भाषेत जगायला गाव सोडावंही लागलं नाही. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत राज्य निजामाचं होतं आणि कचेरीचा कारभार उर्दूत चालायचा. घरात एक भाषा, चावडीत दुसरी. त्यांनी ते निभावलं, त्यातच हिशेब केले आणि त्यातच भांडणंही केली.

परक्या मुलखात रुळणं ही इतकी जुनी, इतकी रोजची गोष्ट आहे की तिच्यात नवल काय, असं वाटतं. पण जरा थांबून विचारा: वेळापत्रक सांगतं ती वेळ गाडी पोहोचायची. माणूस कधी पोहोचतो?

लग्नाचं वऱ्हाड कसं जातं, आठवा. नवरदेवाची जीप पुढं निघून जाते, बाया-पोरांची गाडी दोन तासांनी येते आणि सामानाचा टेम्पो पंगती उठायच्या वेळी वेशीत शिरतो. आपलंही तसंच आहे. झोप एका तारखेला पोहोचते, पोट दुसऱ्या, मन तिसऱ्या आणि कान तर कधी कधी पोहोचतच नाहीत. एकाच माणसाचे इतके भाग, आणि प्रत्येकाचं वेळापत्रक निराळं! मला तर यापरतं मोठं आश्चर्य शरीरात दुसरं दिसत नाही.

झोपेपासून सुरुवात करू. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथं एकमेकींना ओलांडतात, त्याच्या किंचित वर जेमतेम वीस हजार पेशींचा एक पुंजका आहे. आपलं मुख्य घड्याळ ते. डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावरून ते रोज आपली वेळ जुळवून घेतं. पण ते एकटं नाही. यकृताचं घड्याळ वेगळं, फुप्फुसांचं वेगळं, आतड्यांचंही वेगळं. मुंबईहून विमानानं न्यूयॉर्कला उतरलात, की सगळी घड्याळं साडेनऊ-साडेदहा तास चुकलेली असतात, आणि ती एकत्र सुधारत नाहीत. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की मेंदूतलं घड्याळ नव्या वेळेला लवकर येतं, यकृत मात्र त्याच्या मागं कित्येक दिवस रेंगाळतं. म्हणजे डोकं अमेरिकेत सकाळी उठलेलं असतं आणि यकृत अजून घाटनांदूरच्या संध्याकाळीत असतं. पहिल्या आठवड्यात भलत्या वेळी भूक लागते आणि जेवणाच्या वेळी घास उतरत नाही, ते यामुळं. माणसाला ढोबळमानानं एका तासाच्या फरकाला एक दिवस लागतो.

आता डॉक्टर व्हायला अमेरिकेला निघालेल्या आनंदीबाई जोशींकडं पाहा. ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा. समुद्रावर ५८ दिवस. कलकत्ता ते न्यूयॉर्क हा सूर्याच्या वेळेतला फरक होतो सुमारे पावणेअकरा तास. भागाकार करून बघा: दिवसाला सरासरी ११ मिनिटं! बोट पश्चिमेकडं सरकत होती आणि सूर्य रोज थोडा उशिरा मावळत होता. शरीरातल्या प्रत्येक घड्याळाला रोज जेमतेम दहा-बारा मिनिटं मागं जायचं होतं, आणि तेवढं तर ती सहज जातात. न्यूयॉर्कच्या धक्क्यावर पाय ठेवला तेव्हा त्यांची झोप त्यांच्याबरोबरच उतरली. आजच्या विद्यार्थ्याला हे सुख नाही. त्याला प्रवास सोळा तासांचा, पण झोप दहा दिवसांनी मागून येते.

थंडी मात्र त्यांना चुकली नाही. इथं शरीराचा एक विलक्षण पक्षपात दिसतो. उन्हाला आपण शिकतो. थंड मुलखातला माणूस मे महिन्यात मराठवाड्यात आणून ठेवा. पहिले चार दिवस तो कोलमडेल. पण दोनेक आठवड्यांत रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटायला लागतो आणि त्या घामात मीठ कमी जातं. घामाच्या ग्रंथी बाहेर पडता पडता मीठ परत आत ओढून घेतात! कुणी शिकवलं त्यांना हे? थंडीशी जुळवून घेण्याची अशी तयारी शरीराकडं फारच तोकडी आहे. तिथं माणूस शरीर बदलत नाही, तो कपडे बदलतो आणि शेगडी पेटवतो. आनंदीबाईंनी शाकाहार सोडला नाही, लुगडंही सोडलं नाही. पण नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि त्या शिकत होत्या त्या फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात ते चालणारं नव्हतं. त्यांनी नेसण्याची तऱ्हा बदलली आणि गुजराती पद्धतीनं साडी नेसायला लागल्या. ओळख तीच ठेवली, फक्त निऱ्या बदलल्या. पुढं मानसशास्त्रज्ञांनी परदेशात टिकण्याच्या वाटांवर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले. आपलं जपायचं आणि तिथलंही घ्यायचं, ही त्यातली सर्वांत कमी त्रासाची वाट म्हणून जॉन बेरी यांच्यासारख्या अभ्यासकांनी पुढं मांडली. ती वाट या मुलीला अठराव्या वर्षी सापडली होती. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. क्षयानं त्यांना पुढं एक वर्षही दिलं नाही, ही गोष्ट लिहिताना आजही हात अडखळतो.

पोटाची गोष्ट आणखी अद्भुत आहे, कारण पोटात आपण एकटे नसतो. आतड्यात कोट्यवधी जिवाणूंची वस्ती असते आणि आपण जे खातो त्यावर ती पोसते. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, शेपू, अंबाडी, पाथरी या जेवणात भरपूर तंतू असतात. माणसाला ते पचवता येत नाहीत. त्यांच्यासाठी आत वेगळे कारागीर बसलेले असतात. मग माणूस देश बदलतो तेव्हा या कारागिरांचं काय होतं? अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. तो आपल्यावर नव्हता. आग्नेय आशियातून अमेरिकेत गेलेल्या ह्मोंग आणि कारेन समाजाच्या स्त्रियांवर होता. पण निष्कर्ष वाचून मी भाकरीकडं वेगळ्या नजरेनं पाहायला लागलो. नऊ महिन्यांच्या आत पोटातले गावाकडचे जिवाणू कमी व्हायला लागले होते आणि वनस्पतींचे तंतू फोडणारे नाहीसे होत होते. जितकी वर्षं जास्त तितकी ही वस्ती अमेरिकन. तिथं जन्मलेल्या मुलांमध्ये त्याहून जास्त. आणि केवळ आहार बदलल्यामुळं हे घडलं, एवढ्यानं सगळा उलगडा होत नव्हता! नागरिकत्वाचा अर्ज भरायच्या कितीतरी आधी पोट त्या देशाचं होऊन बसतं.

आता मन. इथं गोष्ट अवघड होते, आणि म्हणून जास्त रंजकही.

१९५४ साली कालेर्वो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञानं ब्राझीलमध्ये, रिओ द जानेरोच्या एका महिला क्लबात भाषण दिलं. समोर बसलेल्या बायका नवऱ्यांच्या नोकऱ्यांपायी परदेशात येऊन पडलेल्या. ओबर्गनं त्यांना त्यांचीच लक्षणं वाचून दाखवली. सारखे हात धुणं, पिण्याच्या पाण्याची नको इतकी धास्ती, जो तो आपल्याला फसवतोय असा संशय, शून्यात लागलेली नजर आणि घरी परतायची जीवघेणी ओढ. सांस्कृतिक धक्का हे नाव या भाषणानं जगभर पोहोचवलं. ओबर्गचं म्हणणं असं, की या धक्क्याचं मूळ मोठ्या संकटात नसतं. रोजच्या बारीकसारीक खुणा हरवतात, त्यात असतं.

म्हणजे कसं? घाटनांदूरच्या रस्त्यावर कुणी विचारतं, 'कुठं निघालात?' तुम्ही म्हणता, 'हे काय, इथंच.' दोघंही पुढं जातात. उत्तर मिळालं नाही म्हणून कुणी रागावत नाही, कारण तो प्रश्नच नव्हता, ती विचारपूस होती. एखाद्याकडं गेलात आणि चहा आला, तर आधी 'नको नको' म्हणायचं. किती वेळा म्हणायचं आणि कितव्यांदा कप उचलायचा, हे कुठल्या शाळेत शिकवलं? हिशेब नकळत होतो. दिवसभरात असे शेकडो निर्णय आपण विचार न करता घेतो, म्हणून तर कामासाठी डोकं मोकळं राहतं. परक्या देशात ही सगळी कामं पुन्हा जाणिवेच्या टेबलावर येऊन पडतात. रस्ता ओलांडताना आधी कुठं बघायचं, रांगेत पुढच्यापासून किती अंतर ठेवायचं, शेजाऱ्याकडं न कळवता जायचं की नाही. संध्याकाळी माणूस अंथरुणाला पाठ टेकतो तेव्हा गाढ थकलेला असतो आणि त्याला कळत नाही की आपण आज केलं तरी काय!

ओबर्गच्या भाषणानंतरच्याच वर्षी, १९५५ मध्ये, नॉर्वेच्या स्वेर्रे लिसगार्ड यांनी एक गोष्ट पुढं आणली. अमेरिकेत राहून आलेल्या २०० नॉर्वेजियन फुलब्राइट शिष्यवृत्तीधारकांना त्यांनी विचारलं, कसं जमलं? सहा महिन्यांहून कमी राहिलेले खूश होते. दीड वर्षाहून जास्त राहिलेलेही खूश होते. मधले, सहा ते अठरा महिन्यांचे, सर्वांत दुःखी! इंग्रजीच्या यू अक्षरासारखी ही वक्ररेषा पुढं फार गाजली. पुढच्या संशोधकांनी तिला धक्केही दिले. न्यूझीलंडमध्ये गेलेल्या जपानी विद्यार्थ्यांकडं पाहिलं, तर सुरुवातीचा खुशीचा काळ कुठं दिसलाच नाही, सर्वांत वाईट दिवस पहिलेच होते. रेषेबद्दल वाद आहे. पण लिसगार्ड यांनी खड्ड्याचं जे कारण सांगितलं, ते मला फार खरं वाटतं. सुरुवातीला वरवरची ओळख पुरते. हसणं, रामराम, हवापाण्याच्या गप्पा. काही महिन्यांनी माणसाला खोल मैत्री हवीशी वाटते, आणि ती मिळालेली नसते. खड्डा पडतो तो इथं.

हे वाचलं आणि मला बीड जिल्ह्यातला ऊसतोड कामगार दिसला. दिवाळीच्या आगेमागे जिल्ह्यातून लाखो माणसं निघतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडं, कुणी थेट कर्नाटकात बेळगाव-बागलकोटकडं. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. असे दहा-पंधरा कोयते मिळून टोळी. साखर कारखान्याच्या परिसरात कोपी पडतात. आधी बांबूच्या चटयांच्या असायच्या, आता बऱ्याच ताडपत्रीच्या. आणि एकदा आत डोकावून बघा. तीन दगडांची चूल, पिठाचा डबा, एका कोपऱ्यात लोखंडी पेटी आणि आडव्या बांबूला अडकवलेला भगवानबाबांचा नाहीतर तुळजाभवानीचा फोटो. पहाटे तीन-चारला बाई उठते, दोन वेळच्या भाकरी थापते आणि उजाडायच्या आत फडात उभी असते. नवरा तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते. संध्याकाळी वाढे विकून चार पैसे सुटे करायचे. फडमालक कन्नड बोलतो, दुकानदार कन्नड बोलतो, रस्त्यावरची पाटी वाचता येत नाही. आणि हे आयुष्यात एकदा नाही, तर दर वर्षी, चार-पाच-सहा महिने!

ही माणसं मोडून कशी पडत नाहीत? लिसगार्ड यांचं उत्तर इथं हुबेहूब लागू पडतं. खोल मैत्री ती शोधत बसत नाहीत, कारण ती बरोबर नेलेली असते. शेजारच्या कोपीत चुलती असते, पलीकडं गावातलाच मित्र. भाषा, देव, भांडणं, भाकरीची चव, सगळं टोळीबरोबर हलतं. फुलब्राइटवर गेलेल्या एकट्या विद्यार्थ्याला जे दीड वर्षानं मिळतं, ते यांना पहिल्या रात्री मिळतं. पण याची किंमतही मोजावी लागते आणि ती लपवू नये. कोपी गावाबाहेर पडतात. दहा हंगाम ज्या गावात काढले, त्या गावातल्या एकाही घरात पंगतीला बसणं झालं नाही, असं घडतं. टोळी माणसाला वाचवते आणि टोळीच त्याला तिथल्या समाजापासून लांबही ठेवते. बेरींच्या भाषेत ही वेगळं राहण्याची वाट. फरक एवढाच, की या माणसांनी ती निवडलेली नाही. पोरांची शाळा बुडते, बायांच्या तब्येतीची परवड होते, त्याचा दोष कुणाच्या रुळण्या-न रुळण्यावर ढकलता येणार नाही.

परत येण्याचाही एक धक्का असतो, हे संशोधकांना जरा उशिरा कळलं. १९६३ मध्ये गलाहॉर्न दांपत्यानं लिसगार्ड यांच्या यूला आणखी एक यू जोडला आणि त्याचा डब्ल्यू केला. बाहेर जाताना एक खड्डा, घरी आल्यावर दुसरा. घरचा खड्डा जास्त बोचतो, कारण त्याची कुणी तयारीच केलेली नसते. परदेशात आपण चुकणार हे धरून चालतो. गावात चुकू असं स्वप्नातही येत नाही.

या दुसऱ्या खड्ड्याचं सर्वांत थरारक उदाहरण मराठी माणसांचंच आहे, आणि त्याला एक आयुष्य पुरलेलं नाही. बेने इस्रायली. त्यांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजातून वाचले. कोकणात ते तेलाच्या घाण्यांवर बसले आणि शब्बाथ पाळायचा म्हणून शनिवारी घाणा बंद ठेवत. लोक त्यांना शनिवार तेली म्हणायला लागले. आडनावं गावांवरून पडली: पेणकर, नवगावकर. घरची भाषा मराठी. नवस-मंगलकार्याला संदेष्टा एलियाहूच्या नावानं मलिदा, आणि मलिद्यात काय? गोड केलेले पोहे, ओलं खोबरं, फळं! शतकानुशतकं जुळवून घेताना आपला वार जपला आणि बाकी बरंच काही कोकणाचं घेतलं. १९४८ नंतर हजारोंच्या संख्येनं हे लोक इस्रायलला गेले. मायभूमीला परतायचं म्हणून. तिथं काय झालं? तिथल्या काही धर्मगुरूंनी त्यांच्या ज्यू असण्याबद्दलच शंका घेतली. आंदोलनं झाली, आणि १९६४ साली इस्रायली संसदेला जाहीर करावं लागलं की हे सर्वार्थानं ज्यू आहेत. घरी पोहोचून परकं ठरणं ते हेच. पण मलिदा थांबला नाही. दिमोना, अश्दोद, लोद इथल्या घरांत तो आजही होतो, आणि त्या वाळवंटी देशात 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघालं.

राहिले कान. सर्वांत शेवटी पोहोचणारे.

१९८४ साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडातली इंग्रजी घरांतली बाळं घेतली आणि त्यांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना या दोन आवाजांतला फरक ऐकूच येत नाही. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना आला! दहा-बारा महिन्यांच्या बहुतेक बाळांना येईनासा झाला होता. म्हणजे प्रत्येक मूल जगातल्या कुठल्याही भाषेसाठी कान उघडे ठेवून जन्मतं आणि वर्षाच्या आत न लागणारी दारं लोटून घेतं. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये यापुढचा प्रश्न विचारला: दारं लोटण्याआधी परकी भाषा आत घालता येते का? नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांसमोर चिनी बोलणारी माणसं बसवली, खेळवली, गोष्टी सांगितल्या. बारा बैठका, आणि बाळांचे कान चिनी आवाज ओळखायला लागले. तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं तर काहीही झालं नाही. शून्य. समोर माणूस लागतो.

मोठेपणी ते दार पुन्हा उघडतं का? उघडतं, पण करकरत, आणि तेही माणसांच्याच हातून. घाटनांदूरपासून जवळच अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. अखिल भारतीय कोट्यातून तिथं परप्रांतातली मुलं शिकायला येतात. आता गंमत बघा. केरळच्या मुलाला 'ळ' घरचाच, मल्याळममध्ये तो आहे. उत्तर प्रदेशाच्या मुलाला मात्र तो कानालाच लागत नाही, 'ल' ऐकू येतो. आणि मराठीत रुग्णाचं सगळं दुखणं या एका अक्षरात भरलेलं! पोटात कळ, छातीत जळजळ, सकाळपासून मळमळ, डोळ्याला खुपतंय, कावीळ झाली, गोळी लागू पडत नाही. पाठ्यपुस्तक इंग्रजी, शिकवणं इंग्रजी. हा धडा वॉर्डातल्या म्हाताऱ्या आजी देतात. 'कल नाही रे बाबा, कळ. क-ळ. जीभ वर लाव.' तो पुन्हा म्हणतो, शेजारच्या खाटेवरची बाई हसते, तोही हसतो आणि तिसऱ्या खेपेला जीभ टाळूला लागते. इंटर्नशिपला येईस्तोवर तोच पोरगा खाटेशी वाकून सरळ विचारतो, 'आजी, कळ सारखी येती का थांबून थांबून?'